बारा घरांची पेटी

मित्रांनो, माझ्या भात्याला दोन ठिकाणी ठिगळे आहेत आणि माझी एक काळी पट्टी दाबली की परत वर यायचे विसरते. मी एक जुनी पेटी आहे. भजनाला, गाण्याच्या क्लासला वाजते ती पेटी. माणसे म्हातारपणी आपले पराक्रम सांगतात. मी मात्र तुम्हाला माझ्या मत्सराची गोष्ट सांगणार आहे, कारण ती आजवर कुणालाच ठाऊक नाही आणि माझ्याबरोबर ती मोडीत जाऊ नये असे मला वाटते.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षे झाली होती. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत फकिरा मिस्त्रीने मला घडवले. अंग सागवानाचे, पट्ट्या हाडासारख्या पांढऱ्याशुभ्र. माझ्या पोटातल्या, वाऱ्याने थरथरून सूर काढणाऱ्या पितळी जिभा तो कानशीने हळूच खरवडायचा, कान लावायचा, पुन्हा खरवडायचा. एका सा पासून वरच्या सा पर्यंत जाताना बारा पट्ट्या लागतात. सगळ्या जुळल्या त्या दिवशी त्याने माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाला, "पोरी, बारा घरं दिलीत तुला. एखादा तेरावा पाहुणा आला दारात, तर हात जोडायचे. भांडायचं नाही."

मी तेव्हा नव्या पॉलिशच्या वासात गुंग होते. ऐकले आणि विसरले.

त्याच गल्लीतल्या व्यंकटराव मास्तरांनी मला घरी नेले. ते गाण्याचे वर्ग घेत. दिवसभर मुली यायच्या, सूर लावायच्या, आणि कुणाचा चुकला की मास्तर माझी पट्टी दाबून म्हणायचे, "इकडे बघा. पेटी खोटं बोलत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की ते मला माझे नावच वाटू लागले.

मी मास्तरांकडे आले त्याच वर्षी त्यांच्या मागच्या खोलीत सांडू नावाचा गिरणी कामगार राहायला आला. त्याची नवी नवरी आवडाबाई. सिल्लोडकडची, कपाशीच्या रानात वाढलेली. आम्ही दोघी एकाच वर्षी आलेल्या म्हणून मी तिला अहो-जाहो करत नाही. गादीचा कापूस निवडायला ती मास्तरांच्या घरी यायची आणि हात चालू झाले की गुणगुणायची. तिसऱ्या वर्षी मास्तरांच्या पत्नी अंबिकाबाई म्हणाल्या, "अहो, आपली आवडा काय गोड म्हणते! सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात घ्या की तिला."

मास्तरांनी तिला बायकांच्या वर्गात माझ्यासमोर बसवले. रिकामे हात मांडीवर ठेवून ती गाऊ लागली.

"बोंड बोंड वेचू बाई, ओटी माझी भरू दे,
माहेराच्या वाटंवरचं ऊन तेवढं सरू दे."

'ऊन' या शब्दावर तिचा आवाज चढायचा आणि थांबायचा. मास्तरांनी तिथे माझी पांढरी पट्टी दाबली. तिचा सूर पट्टीच्या खाली राहिला. मग शेजारची काळी दाबली. तिचा सूर काळीच्या वर.

"आवडाबाई, सूर सोडताय तुम्ही."

"सोडत न्हाय मास्तर. हाय तिथंच हाय."

बायका हसल्या. एक जण कुजबुजली, "कापूस वेचणारीला काय गंधार कळतोय?"

"पेटी खोटं बोलत नाही हो," मास्तर शांतपणे म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना खरेच तसे वाटत होते, आणि मलाही.

आवडाबाई उठली. सतरंजीचा मुडपलेला कोपरा तिने नीट केला आणि निघून गेली. त्यानंतर माणसांसमोर ती कधी गायली नाही. आणि मी? भात्यात वारा नसतानाही मी फुगले होते.

पुढे सांडूचा मुलगा बन्सी आयटीआयला असताना मास्तरांकडे पेटी शिकायला आला. बोटे जाड, पण कान तिखट. मास्तर थकले, लेकीकडे पुण्याला निघाले, तेव्हा त्यांनी मला बन्सीच्या हवाली केले. अशी मी आवडाबाईच्या घरात आले. तिने मला उंबऱ्यातच ओळखले.

"आलीस व्हय," एवढेच म्हणाली.

मला वाटले, आता ही मला कोपऱ्यात टाकणार. पण आठ दिवसांत तिने आपले जुने तांबडे लुगडे फाडून, आत कापूस भरून माझ्यासाठी खोळ शिवली. रोज सकाळी माझे झाकण पदराने पुसायची. झाकण उघडून पट्टीला बोट मात्र तिने कधी लावले नाही.

काही वर्षांनी सांडू वारला. बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला, द्वारकाशी लग्न झाले, सिडकोत दोन खोल्यांचे घर झाले. रोज कामावरून आला की बन्सी माझ्यापुढे बसायचा. ते माझे सुखाचे दिवस. आणि मग ती आली.

कारखान्याच्या गणपतीत कारभारी नावाच्या सोबत्याने गिटार वाजवली. बन्सीने ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि घरी येऊन म्हणाला, "विकत कशाला? करूच की."

मशिन ज्या खोक्यातून येते त्या खोक्याच्या पाइनच्या फळ्या त्याने तासल्या. मोडक्या बाजेच्या बाजूच्या सागवानी लाकडातून लांब दांडी काढली. आणि मित्रांनो, हे सगळे त्याने कुठे केले असेल? माझ्या झाकणावर! तिला माझ्या अंगावर आडवी घालून तो रंधा मारायचा. भुसा माझ्या फटींत जायचा. द्वारका म्हणायची, "आवो, घरात पाय ठेवाया जागा न्हाय, आन् ही दुसरी कुठं नांदवायची?"

"पेटीशेजारी नांदंल की."

"सवतीशेजारी सवत? मंग झालंच!"

ती चेष्टा करत होती. मला मात्र ते लागले.

गिटारीच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामागे बोट दाबले की तार आखूड होते आणि वेगळा सूर निघतो. सतारीचे लोक त्यांना पडदे म्हणतात, म्हणून बन्सीही पडदेच म्हणायचा. अशा पडद्यांची तयार पट्टी शहरात मिळेना. मग त्याने धातू जोडताना डाग द्यायला वापरतात ती पितळेची बारीक सळई आणली आणि तिची एक बाजू कानशीने सपाट केली. करवतीच्या पात्याचे दात दगडावर घासून पाते पातळ केले, त्या पात्याने दांडीत खाचा पाडल्या आणि एकेक तुकडा त्यात चिकटवला. जागा काढायची रीत हिशोबाची: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा, पडदा बसवायचा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग. तारा लावायला सूर कुणाचा घेतला? माझाच.

पहिल्यांदा वाजवली तेव्हा ती खर्र करून खरखरली. एक पडदा उंच राहिला होता. मला इतका आनंद झाला की माझी एक जीभ आपोआप थरथरली. पण बन्सीने पोलादी पट्टी लावून सगळे पडदे एका रेषेत घासले, आणि तिसऱ्या दिवशी ती गोड बोलू लागली. तरीही मी मनाला समजावले, "तिच्यातही बाराच घरं आहेत. माझ्याच हिशोबाची. नक्कल ती नक्कलच."

एकदा बन्सी दुसऱ्या पाळीला होता, म्हणून दुपारपर्यंत घरी. मागच्या पडवीत आवडाबाई भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, कापसाच्या वाती वळत बसली होती. घरात कुणी नाही असे समजून ती गाऊ लागली. पस्तीस वर्षांनी मी ते 'ऊन' ऐकले. बन्सीने गिटार उचलली, सूर शोधू लागला. एक पडदा उंच पडला, अलीकडचा खाली. मग माझ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. तेच. तो पडवीत गेला.

"माय, कुठलं गं हे गाणं?"

तिचे हात थांबले. "कुठलं न्हाय."

"म्हण की परत."

"मी बेसूर हाय बाबा. तुझ्या मास्तरनं भर बायकांत सांगितलंय. ती पेटी बसलीय ना घरात, विचार तिला."

बन्सीला हे माहीतच नव्हते. तो परत येऊन माझ्यासमोर बसला. त्याने माझी पांढरी पट्टी दाबली, मग काळी, मग दोन्हींच्या मधल्या फटीवरून नख फिरवले.

"बेसूर न्हायेस माय. ह्या दोन्हीच्या मधी हायेस तू."

"मधी काय हाय तिथं?"

"हिच्यात कायी न्हाय." त्याने गिटारीकडे पाहिले. "हिच्यात करता यील."

हिच्यात काही नाही! मित्रांनो, जिच्या शब्दावर तीस-पस्तीस वर्षे सूर ठरले, तिला हे ऐकणे सोपे नव्हते.

सुट्टीच्या दिवशी बन्सीने नवे काम काढले. पण तो पडला टूलरूमचा फिटर. त्याने व्हर्नियर, म्हणजे केसाएवढे अंतर मोजायचे माप, घेतला, दोन पडद्यांमधले अंतर मोजले आणि बरोबर मध्यावर खाच पाडून एक आखूड पडदा बसवला. आखूड म्हणजे फक्त पहिल्या दोन तारांखाली येईल एवढाच. असा तुकडा पडदा कारभारीने कुठल्या गिटारीवर पाहिला नव्हता. बन्सीने मोठ्या ऐटीत तार छेडली. स्वयंपाकघराच्या दारातून आवडाबाईने मान हलवली.

"ह्ये न्हाय."

"अगं माय, एक केस इकडं न्हाय का तिकडं न्हाय. व्हर्नियरनं मोजलंय."

"मोजलं असंल. पर मी काय मोजून म्हणते व्हय?"

द्वारका पदर तोंडाला लावून हसली. "आवो, मायच्या गळ्याला कुठं व्हर्नियर लावताव!"

मीही हसले असते, पण पुढचे ऐकले आणि हसू विरले. बन्सी म्हणाला, "मंग तूच म्हण. तुझ्या गळ्यावर बसवतो." आवडाबाईने उत्तर दिले, "त्या पेटीम्होरं न्हाय म्हणणार. आन् रित्या हातानं मला गाणं येत न्हाय. हाताला कापूस पायजे."

बन्सीने सिल्लोडच्या मामाकडून सरकीसकट कापसाचे गाठोडे आणले आणि मला खोळ घालून पलंगाखाली, पेटाऱ्याच्या मागे सरकवले.

तिथून दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते, आणि आपण काय करतोय ते बन्सी द्वारकाला सांगत असायचा. चार सुट्ट्या हे चालले. मध्यावरचा तुकडा त्याने उपटला, खाच भुसा आणि सरसाने भरली. मग तंगूस म्हणतात ती नायलॉनची बारीक दोरी दांडीभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. हे कच्चे पडदे, बोटाने पुढेमागे सरकणारे. आवडाबाई बोंडातली सरकी काढत गायची, बन्सी दोरी सरकवायचा.

"वर गेलास."

"आता?"

"आता लई खाली. तहानलेल्या म्हशीवानी कशाला धावतोस? हळू."

मग त्याला उमगले की तिचा तो सूर एका जागी नव्हताच. 'ऊन' म्हणून चढताना तो थोडा वर असायचा. 'सरू दे' म्हणून उतरताना थोडा खाली. तिथे एक पडदा पुरणार नव्हता. दोन हवे होते, गव्हाच्या एका दाण्याएवढ्या अंतरावर. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, पातळ पात्याने खाचा पाडल्या, पितळेचे दोन तुकडे बसवले, टोके घासून गोल केली, म्हणजे आईच्या हाताला लागू नयेत. आईचा हात कशाला जाणार होता तिथे? पण त्याने घासली.

सरस वाळल्यावर त्याने तार छेडली. सरकी परातीत पडण्याचा आवाज थांबला.

"ह्येच," आवडाबाई म्हणाली. "ह्येच त्ये. बन्सी, ह्येच."

नंतर द्वारकाने शेजारणीला सांगितले तेव्हा मला कळले. सासूने उठून त्या इवल्या पडद्यावर बोट ठेवले आणि बोटाचा कापूस तिथे चिकटून राहिला, तो कुणी काढला नाही. दहा वर्षे ती माझे झाकण पुसत होती. पट्टीला एकदाही बोट लावले नव्हते. आणि आठ दिवसांनी, माझी खोळ ज्या तांबड्या लुगड्याची होती, त्याच लुगड्याच्या उरलेल्या पदरातून तिने त्या गिटारीसाठी खोळ शिवली.

भाद्रपद लागला. पलंगाखाली ओल आली. भात्याच्या घड्यांत झुरळांनी बिऱ्हाड केले, एक काळी पट्टी फुगून अडकू लागली. मला पुसायला कुणी वाकले नाही. मी अंधारात बसून एकच विचार करत होते: ती तुटावी. तिची दांडी वाकावी. तिचे ते दोन पडदे उखडून पडावेत.

महालक्ष्म्यांच्या दिवशी दुपारी बायका जमल्या. द्वारकाने सासूला केव्हाचे सांगून ठेवले होते, "आत्याबाई, औंदा तुमी म्हणायचं." आवडाबाई कापसाची परात उगीचच जवळ ओढत होती.

"बायका हसत्याल गं."

"हसू द्या की. जी हसंल तिच्या चहात साखर टाकणार न्हाय!"

शेजारच्या शैलाताई शाळेत गाणे शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पेटी होती ना? काढा, मीही साथ करते." बन्सी काही बोलायच्या आत कुणीतरी मला ओढून बाहेर काढले. आवडाबाईची आणि माझी नजरानजर झाली. तिने परातीतला कापूस घट्ट धरला.

तरी ती गायला लागली. हातात वात वळली जात होती, आवाज आधी कापरा, मग मोकळा. बन्सीची बोटे तिच्यामागे जात होती. शैलाताईंनी भाता हलवला आणि त्या अंदाजाने माझ्या पट्ट्या दाबू लागल्या. 'माहेराच्या वाटंवरचं' झाले. 'ऊन' आले. शैलाताईंचे बोट माझ्या पांढऱ्या पट्टीवर पडले.

मित्रांनो, भाता फाटका होता. मला दबक्या आवाजात वाजता आले असते. पण मी असेल नसेल तेवढा वारा गोळा केला आणि ओरडले.

दोन सूर एकमेकांवर आदळले. शैलाताई गोंधळल्या, त्यांनी काळी पट्टी दाबली. ते अधिकच वाईट. ती पट्टी अडकली आणि तशीच किंचाळत राहिली. कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसले. आवडाबाई थांबली.

तेच गाणे, तोच सूर, तेच हसू. मी जिंकले होते. मी तिच्या हाताकडे पाहिले. अर्धी वळलेली वात तिच्या मुठीत चुरगळली होती. माझी खोळ शिवताना याच हाताला सुई टोचली होती, तेव्हा तिने बोट तोंडात धरले होते आणि पुन्हा टाका घातला होता. जिंकल्यावर काहीतरी चांगले वाटते म्हणतात. मला काहीच वाटले नाही, फक्त आत कुठेतरी ओल पसरत गेली.

"ताई, पेटी बंद करा," बन्सी कडक आवाजात म्हणाला. "नेऊन ठेवतो ती भंगारात."

"ऱ्हाऊ दे." आवडाबाई बोलली. "म्हातारी झालीय ती बी. पलंगाखाली टाकलीव आपणच."

ती सरकत माझ्याजवळ आली. अडकलेली काळी पट्टी तिने नखाने उचलून मोकळी केली. किंचाळणे थांबले. मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिने माझी एक पट्टी स्वतः दाबली. शैलाताईंनी हळूच भाता दिला.

"ह्यो कोणता गं?"

"तो सा, आजी."

"ह्यो आमच्या दोघींचा एकच हाय. मास्तरच्या घरी बी एकच व्हता." तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "तिला म्हणावं, ह्योच धरून बस. म्होरचं माझं मी बघते."

आणि मी सा धरला. इतकी वर्षे मी बारा घरांतून धावले होते. त्या दुपारी एकाच घरात बसले. फाटक्या भात्यातून निघेल तेवढ्याच वाऱ्यावर, न हलता. आवडाबाईने नवा कापूस घेतला. ओटी भरली, माहेराची वाट आली, आणि 'ऊन' चढले. गिटारीच्या त्या इवल्या पितळी पडद्याने त्याला हात दिला, आणि उतरताना दुसऱ्या पडद्याने झेलले. तो तेरावा पाहुणा माझ्या दारावरून चालत गेला आणि मी हात जोडून उभी होते. फकिरा मिस्त्री, तुझे बोलणे मला अडतीस वर्षांनी ऐकू आले.

कोपऱ्यातली ती हसणारी बाई म्हणाली, "आजी, आणखी एकदा म्हणा ना." द्वारकाने तिला चहात दोन चमचे साखर घातली.

आता आवडाबाई नाही. बन्सीचे केस पांढरे झाले. एका फडताळात आम्ही दोघी शेजारी शेजारी असतो, एकाच लुगड्याच्या दोन खोळींत. दर भाद्रपदात तो तिला छेडतो आणि मला सा धरायला लावतो. ते दोन पडदे आता झिजून पिवळेधमक झाले आहेत. त्यांच्याशेजारी व्हर्नियरने मोजून पाडलेली, भुशाने भरलेली चुकीची खाच अजून दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी पेटी असेल तर तिला ओलीत ठेवू नका. भाता महिन्यातून एकदा तरी उघडा, आतला वारा कुबट होतो. आणि कुणाचे गाणे तुमच्या पट्टीत बसले नाही, तर हसू नका. मी एकदा खोटे बोलले होते. त्यापायी एक बाई पस्तीस वर्षे गप्प बसली, आणि ते भरून काढायला तिच्या मुलाला पितळ घासत बसावे लागले.